बायकांचा तास आणि हौदाचा पंप

जळगावातल्या एका क्लबात पोहण्याचा हौद होता आणि त्या हौदात मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी एक ते दोन, बायका पोहत असत. हा तास मी भांडून मिळवला होता. जळगावच्या उन्हात दुपारी एकची वेळ कुणी सुखासुखी मागत नाही. पुरुष मंडळी तेव्हा वाळ्याच्या पडद्याआड घोरत पडलेली असत, म्हणून ती आमच्या वाट्याला आली. मी ती मुकाट्याने घेतली. नको म्हटलं असतं तर तीही गेली असती.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवऱ्याने मला नांदवलं नव्हतं. वडिलांनी मला माहेरी रडत बसू दिलं नाही, मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं, आणि पोटापुरती नोकरी लागल्यावर आपल्या थोरल्या बहिणीला माझ्या सोबतीला पाठवून दिलं. ही माझी आत्या. तिला सगळे अक्काच म्हणत, मीही म्हणायची. क्लबाच्या कमिटीने बायकांच्या तासाला एक अट घातली होती: काठावर एक पोक्त बाई देखरेखीला बसलेली पाहिजे. अक्का हीच ती पोक्त बाई. ती छत्री उघडून हौदाच्या कठड्यावर बसायची, कुणी मुलगी बुडायला लागली की देवाचं नाव घ्यायची, आणि तास संपेपर्यंत पायाचा अंगठाही ओला होऊ द्यायची नाही.

पोहणं मला वडिलांनी शिकवलं होतं. फैजपूरच्या अलीकडे आमची केळी होती. मळ्यातल्या विहिरीत त्यांनी मला पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं, तेव्हा मी सात वर्षांची होते. गावात लोक नावं ठेवायला लागले तेव्हा ते म्हणाले, "जिचा जन्म विहिरीवर पाणी ओढन्यात जायचा, तिले पोहता नको यायला?" माझ्या शाळेतल्या मुलींची आणि त्यांच्या आयांची गोष्ट तीच होती, म्हणून मला तो तास पाहिजे होता. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही तो हवा होता. बाकी सगळ्या आठवड्यात मी 'टाकलेली बाई' होते. पाण्यात मी नुसती पोहणारी बाई होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि आमचा तास सुरू झाला. पावसाळा सरता सरता हौदाच्या पंपाने आवाज करायला सुरुवात केली.

हौदाला लागून एक जुनी पायऱ्यांची विहीर होती. विहिरीतल्या दगडी ओट्यावर विजेची मोटर आणि पंप बसवलेला होता. दर आठ दिवसांनी हौदाचं जुनं पाणी बागेतल्या केळींना सोडायचं आणि पंपाने नवं भरायचं, अशी रीत होती. तो पंप आता खडे भरडल्यासारखा वाजू लागला. आवाज वरच्या मजल्यावर पत्त्यांच्या टेबलापर्यंत जायचा आणि पत्ते खेळणाऱ्यांचं लक्ष उडायचं, हे कमिटीच्या मते फार मोठं संकट होतं. त्याहून मोठं संकट विजेच्या बिलाचं. ते फुगत फुगत जवळजवळ दुप्पट झालं.

क्लबाचे सेक्रेटरी वकील होते. त्यांनी धुळ्याहून एक मेकॅनिक आणवला. त्याने मोटर उघडली, पंप उघडला, बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, जेवून घेतलं आणि निघून गेला. आवाज तसाच. पुन्हा आला तेव्हा म्हणाला, मोटरच बदला. लढाईचे दिवस होते. साधा खिळा मिळायची मारामार, तिथे नवी मोटर कोण देतो? मग सेक्रेटरीसाहेबांनी स्वस्तातला उपाय काढला. मला बोलावून ते म्हणाले, "बाई, हिशेब सरळ आहे. बायकांचा तास सुरू झाला आणि हे सगळं सुरू झालं. तुमच्या लुगड्यांनी पाणी लवकर खराब होतं, पंप जास्त चालतो, बिल वाढतं. पुढच्या रविवारच्या बैठकीत तास बंद करायचा ठराव येतो आहे."

"लुगड्यांनी पंप वाजतो?" मी विचारलं.

"आपण शाळा सांभाळा. यंत्रांचं आम्हांला बघू द्या."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणाले नाही. मनात मात्र म्हटलं. तोंडावर इतकंच म्हणाले, "बायकांमुळे पंप बिघडला हे खोटं आहे. रविवारच्या आत मी ते दाखवते." ते हसले. त्यांचं हसणं माझ्या डोक्यात गेलं, आणि माझ्या डोक्यात गेलेलं सहसा लवकर बाहेर येत नाही.

आता मला यंत्रातलं काय कळत होतं? शाळेत मी भूगोल शिकवायची. पण वडिलांनी आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन आणि पंप घेतला होता, गावात पहिला, आणि ते इंजिन माझ्याच वयाच्या एखाद्या खट्याळ भावंडासारखं आमच्या घरात वाढलं. वडील पंपाला आधी हात लावत नसत, आधी कान लावत. लाकडाची काठी यंत्रावर टेकवायची, दुसरं टोक कानाशी धरायचं. आजार कुठे आहे ते काठी सांगते, असं ते म्हणायचे.

गुरुवारी दुपारी मुली हौदात उतरल्या, अक्का छत्रीखाली बसली, आणि मी काठी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरले. पंपावर पारोळ्याकडचा एक गडी होता, चाळिशीतला, गरीब स्वभावाचा. बाईमाणूस पंपाजवळ आलेलं पाहून तो बावरला.

"बाई, मन्हा काही दोष नही," तो आधीच म्हणाला. "मी रोज तेल टाकस. बठ्ठं करी पाह्यं. हाऊ पंप मन्हं आयकतच नही."

"सगळं करून पाहिलंस ना, मग दोष कोण देतंय? चालू कर."

त्याने चालू केला. विहिरीत आवाज असा घुमला की पारवे उडाले. मी काठी मोटरवर टेकवली. मोटर बिचारी नीट गुणगुणत होती. बेअरिंगवर टेकवली, तिथेही काही नाही, नवंच तर होतं. मग पंपाच्या पोटावर टेकवली आणि काठी माझ्या हातात थडथडली. खडे तिथे भरडले जात होते, आणि पाणी आत घेणाऱ्या पाइपाकडे जास्त. पण पंपात खडे नव्हते. ते मेकॅनिकने उघडून पाहिलं होतं.

हा आवाज मी ओळखत होते. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं की आमचा पंप असाच वाजायचा. वडील म्हणायचे, "उपाशी आहे तो. जितकं मागतो तितकं पाणी मियत नही त्याले." पण इथे तर पावसाळ्याने विहीर भरलेली. ओट्याखाली दोन हातांवर पाणी. भरल्या विहिरीत पंप उपाशी कसा?

मी वर जाऊन हौदात पडणारी धार पाहिली. मनगटाएवढीसुद्धा नव्हती. "पहिले कशी असायची?" मी गड्याला विचारलं. त्याने दंड दाखवला. तेव्हा हौद भरायला किती वेळ लागायचा? सकाळी लावला की दुपारपर्यंत. आणि आता? दिवेलागण होते. म्हणजे विजेच्या बिलाचं कोडं तिथेच सुटलं. पंप जास्त पाणी काढत नव्हता. तेवढंच पाणी काढायला दुप्पट वेळ चालत होता. पाणी बायकांनी घाण करो की पुरुषांनी, हौद आठ दिवसांनीच भरत होता.

मी पंप बंद करायला लावला आणि थोडं थांबले. तळाची झडप गळत असती तर पाइपातलं पाणी उतरून गेलं असतं. पण ते टिकून होतं. म्हणजे झडप धड होती. मग राहिलं एकच: पाइपाचं तोंड. तळाच्या जाळीला काहीतरी अडकलं होतं.

"ही जाळी कुणी पाहिली का?" मी विचारलं.

"मेकॅनिक बोलना, बठ्ठा पाइप वर ओढना पडई. चेन, कप्पी, धा मानसं लागतीन."

मेकॅनिकला पोहता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. विजेच्या मोटरींची कामं विहिरीविहिरीतून करणारा तो माणूस, पाण्यावर दोन हात ओट्यावर बसून मोटर उघडायचा आणि पाण्याखाली काय आहे ते देवावर सोडायचा. मोटर नवी घ्यायची शिफारस त्याने त्या ओट्यावर बसूनच केली होती.

मी कासोटा घट्ट खोचला. गड्याचा विळा मागून घेतला. वरून अक्का ओरडली, "काय करते व माय? तठी खोल पानी आहे!" मी म्हटलं, "म्हणूनच." आणि उडी मारली.

पाइपाला धरून खाली गेले. आठ-नऊ हात असेल. कान दुखले, डोळ्यांपुढे हिरवा अंधार झाला. जाळी हाताला लागली आणि ती जाळीसारखी लागलीच नाही. मऊ, गुळगुळीत, गाळाने लडबडलेलं काहीतरी. वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. बोटांना सुतळीची गाठ लागली. म्हणजे ते अडकलेलं नव्हतं, कुणीतरी बांधलेलं होतं! तिसऱ्या बुडीत सुतळी कापली आणि ते ओझं ओढत वर आणलं.

ओट्यावर टाकून पाण्याने धुतलं. चार पदरी घडी केलेलं लुगड्याचं फडकं. गाळ निघत गेला तसा निळा रंग दिसायला लागला, मग बारीक पिवळी किनार. मी मान वर करून पाहिलं. पायऱ्यांवर अक्का उभी होती. तिच्या अंगावर त्याच किनारीचं दुसरं लुगडं होतं. माझ्या वडिलांनी एका आखाजीला दोन सारखी आणली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा माझ्याच घरातला होता.

अक्का जन्मात फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी प्यायली नाही. आमच्याकडे कुठलीच बाई पीत नाही. घागरीच्या तोंडाला फडकं बांधायचं, ते रोज धुवायचं, त्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा विहिरीत सोडायचे. तास सुरू झाला त्या पहिल्या आठवड्यात हौदातल्या पाण्यात तिला किडे वळवळताना दिसले होते. पोरींच्या तोंडात जाणारं पाणी! तिने घरून जुनं लुगडं आणलं आणि पंपाच्या गड्याला सांगितलं, घागरीला बांधतात तसं पाइपाच्या तोंडाला बांध. वैशाखात विहीर तळाला होती, जाळी छातीभर पाण्यात उभं राहून हाताला लागत होती. त्याने बांधलं, आठ दिवसांनी धूत जा म्हणून तिने बजावलं, आणि त्याने एकदोनदा धुतलंही. मग पाऊस आला, पाणी चढलं, जाळी खोल गेली. गढूळ पाण्याचा गाळ फडक्यावर बसत राहिला.

"मग तू बोलला का नाहीस?" मी गड्याला विचारलं.

"कोन्ही इचारंच नही," तो म्हणाला. "आन् गायनं बांधं म्हनजे चांगलंच ना, बाई? पानी गायीसनच लेतस."

गाळणं बांधलं, पाणी गाळून घेतलं, त्यात त्याचं काय चुकलं? गाळलेल्या पाण्याने कुणाचं वाईट होतं, हे आमच्या खानदेशात कुणाला सांगून पटलं असतं? त्याने पंप चालू केला. विहिरीत नुसती मोटरीची गुणगुण. वरून मुलींचा ओरडा ऐकू आला: हौदात धार दंडाएवढी पडत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सेक्रेटरीसाहेबांना मी छातीठोक सांगितलं होतं, बायकांमुळे पंप बिघडला हे खोटं आहे. आणि ते खरं निघालं. लुगड्यांनी पंप वाजतो का, असं मी टेचात विचारलं होतं. वाजत होता. लुगड्यानेच!

गडी हळूच म्हणाला, "हाई फडकं चुल्हामा घाली द्या. कोन्हले सांगू नका." मला ते पटलं. मी स्वतःला फार सत्यवचनी बाई म्हणून इथे उभी करणार नाही. रविवारी सांगायचं की जाळीत पालापाचोळा अडकला होता, असं मी तिथेच ठरवलं. अक्काने फडकं पिळलं, घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवलं. घरी जाऊन ती चुलीत घालेल असं मला वाटलं.

रविवारी सकाळी कमिटी बसली. अध्यक्ष म्हणजे कापसाचे एक म्हातारे व्यापारी, सगळे त्यांना आबा म्हणत. सेक्रेटरीसाहेब कागद घेऊन बसले होते. मी म्हटलं, "पंपाचा आवाज गेला आहे. आपण ऐकून या. जाळीत पालापाचोळा..."

"पाला नव्हता," मागून आवाज आला. अक्का दारात उभी होती. पुरुषांच्या बैठकीत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. ती पुढे आली, पिशवीतून फडकं काढलं आणि टेबलावर, सेक्रेटरीसाहेबांच्या कागदांशेजारी ठेवलं. "हे व्हतं. माझ्या लुगड्याचं आहे. मीच बांधाले लावलं. गड्याले काही बोलू नका."

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मला वाचवायला नव्हे, त्या गड्याला वाचवायला ती खरं बोलली होती. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

सेक्रेटरीसाहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच."

मग मात्र माझा ताबा सुटला. "हो, तेच!" मी म्हटलं. "बाईच्या फडक्याने पंप उपाशी राहिला. पण ते काढलं कुणी? तुमच्या मेकॅनिकने मोटर बदला म्हणून सांगितलं. तुम्ही तास बंद करा म्हणालात. विहिरीत नऊ हात खाली बाई गेली. या खोलीत इतके पोहणारे बसले आहेत. चार फूट हौदात रोज हातपाय मारता. त्या विहिरीच्या तळाशी कोण जाऊन येतो, हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. एकाने पानाचा डबा उघडला आणि उगाच बंद केला.

पण वकील तो वकील. ते म्हणाले, "प्रश्न पोहण्याचा नाही. अट काय होती? काठावर जबाबदार, पोक्त बाई पाहिजे. अक्का, तुम्हांला देखरेखीला बसवलं आणि पंप तुम्हीच बिघडवलात. आता तुमच्यावर हे काम ठेवता येत नाही. दुसरी पोक्त बाई आणा. नाहीतर तास बंद." दुसरी मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुपारी एक वाजता उन्हात बसायला जळगावात दुसरी कोण तयार होती?

अक्का म्हणाली, "काठावर बसेल बाईची चूक झाली ना? बरोबर आहे तुमचं. मंग मी आता काठावर बसतच नही." आणि फडकं उचलून चालती झाली.

मला वाटलं, संपलं. अक्का नाही म्हणजे तास नाही. आबा इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते उठता उठता इतकंच म्हणाले, "पंप गप झाला. आता आपन बी गप व्हावं." ठराव झाला नाही, पण तास चालू राहील असंही कुणी म्हटलं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी जाताना गड्याला सांगितलं, मंगळवारी बायकांना फाटक उघडायचं नाही.

मंगळवारी बाराला अक्का म्हणाली, "चल." तिच्या हातात छत्री नव्हती. काखेत एक मोठा वाळका भोपळा होता. सोमवारी तिने गावाकडून येणाऱ्या केळीच्या गाडीबरोबर तो मागवून घेतला होता.

"अक्का, हे काय?"

"फडकं बांधता आलं मले, सोडता आलं नही. तुले उडी माराव लागली," ती म्हणाली. "जे सोडता येत नही ते बांधू नही. मले शिकव."

पंचावन्न वर्षांची बाई! रस्त्यात लोक भोपळ्याकडे बघत होते. अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. मुली आणि त्यांच्या आया फाटकाबाहेर उभ्या होत्या, तासाचं काय झालं ते कळायला. फाटक उघडं होतं. गडी जमिनीकडे पाहत म्हणाला, "कुलूप गंजी गयं, बाई. लागतच नही." त्या कुलपाला त्याने रोज तेल घातलेलं मी पाहिलं होतं.

वरच्या मजल्याच्या खिडकीत सेक्रेटरीसाहेब आले. मला दिसले, अक्कालाही दिसले. पंप चालू होता आणि तो इतका शांत होता की खिडकीतून ते ओरडले असते तर शब्द न् शब्द ऐकू आला असता. ते ओरडले नाहीत. बघत राहिले.

मी अक्काच्या पाठीला भोपळा बांधला. तिने त्याच निळ्या फडक्याने स्वतःची कंबर आवळली होती. पायऱ्या उतरून ती गळ्यापर्यंत पाण्यात आली आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून उभी राहिली. सगळ्या मुली पोहायचं सोडून आमच्याभोवती गोळा झाल्या.

"अक्का," मी म्हटलं, "काठ सोड."

"बुडीन मी."

"मी आहे ना."

तिने एकदा वर खिडकीकडे पाहिलं. मग देवाचं नावही न घेता काठ सोडला.